वीतभर भुसा

बाबा सेलूच्या बर्फ कारखान्यात, तेहतीस वर्षं.
सटवाजी लादीवाले म्हणतात त्यांना,
आडनाव कुणाला ठाऊक नाही.
मी दर भाद्रपदात लाहौलला जाते
बर्फात बांबू रोवायला.
आई गावात एवढंच सांगते,
लेक बापाच्याच धंद्यात आहे.

तसं खोटं नाही.

हिमनदीत बांबू रोवतात वाफेच्या गिरमिटानं,
दहा मीटर खोल, अंगावर रंगाच्या खुणा.
पुढच्या वर्षी जेवढा उघडा दिसेल
तेवढा बर्फ गेला.
बाबांना कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत.
"म्हंजी आपल्या बारवेसारखं," ते म्हणाले,
"पाणी कुनी मोजत न्हाई. पायऱ्या मोजतेत."

फोटो दाखवले तेव्हा
डोंगर त्यांनी बघितलाच नाही.
बोट ठेवलं बर्फावरच्या काळ्या राडारोड्यावर.
"पातळ हाय का जाड?"
कुठं पातळ, कुठं जाड.
"बोटभर आसंल तर मेलं ते,
ऊन धरतंय अन् खाली सोडतंय.
वीतभर आसंल तर टिकंल.
भुसा घालावा तर वीतभर, न्हाईतर घालूच नये,
मन्नानला पंधरा वर्षं सांगायलोय."
एवढंच शिकायला मला
दोन सत्रं आणि एक परदेशी पाहुणा लागला होता.

मग याकुतियाचा फोटो, विमानातून घेतलेला:
हजारो वर्षं गोठलेली जमीन,
भेगांच्या चौकटीच चौकटी.
"हे तर आपलं चैतातलं रान.
वासराचा पाय अडकतो तसल्या भेगा."
आपली भेग मिरगात मिटते, बाबा.
त्यांच्या भेगेत बर्फाची पाचर असते.
ती वितळली की जमीन खचते,
घर कलतं, रस्त्याला लाटा येतात,
आणि आतलं जुनं कुजणं वायू होऊन वर येतं.
त्यांनी नाक ओढलं.
अमोनियातलं नाक ते,
नळीला सुईएवढं भोक पडलं तरी
झोपेतून उठवणारं.
"वास कसा आस्तो?"
वास नसतो.
बराच वेळ गप्प.
"बिनवासाची गळती लई वाईट, पोरी.
पळायचं कवा ते कळत न्हाई."

एक प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही.
मीच विचारते, चौदा हजार फुटांवर
ओले मोजे दोरीवर टाकताना:
या बर्फाचा थेंबही गोदावरीत जात नाही,
दुधनेत तर नाहीच,
मग मी कुणाचं पाणी मोजतेय?
उत्तर आहे माझ्याकडं, वाऱ्यांचं, समुद्राचं,
आलेखासकट.
फाल्गुनात गारपीट झाली त्या संध्याकाळी
फुटलेल्या टरबुजांच्या वाडीत
ते तोंडातून निघालं नाही.
बाबांनी लिंबाएवढी गार उचलली,
उजेडाकडं धरली.
"हवा लई हाय ह्याच्यात," म्हणाले,
"घाईत केलेला बर्फ."

यंदा सतरा नंबरचा बांबू
आडवा पडलेला सापडला.
रोवला होता तेवढा सगळा बर्फ निघून गेला की
धरायला काही उरत नाही त्याला.
अशा वेळी वहीत आकडा लिहीत नाहीत,
लिहितात: "याहून जास्त."

रात्री केलाँगला उतरून फोन लावला.
पलीकडं करवत चाललेली, लादीवर.
मी बोलायच्या आत बाबाच म्हणाले,
"बारवेच्या पायऱ्या सरल्या. भादव्यात!
शेवटच्या पायरीवर मासोळी कोरलेली निघाली.
गावात कुनीच बघितली नव्हती आजवर."
मी सतराव्या बांबूचं सांगितलं.
करवत थांबली.
"मंग उद्या काय करनार?"
नवा रोवणार.
"जागा तीच?"
तीच.
"जरा खोल रोव," म्हणाले, आणि मग,
फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देत,
"ह्या मन्नानला भुशाचं सांग बरं एकदा.
माजं ऐकत न्हाई."